तोजीच्या बाजारात केशो-मावाशी घेताय? आधी झालर उलटून बघा

सुमो पैलवान आखाड्यात मिरवत येताना कमरेला जे भरजरी रेशमी वस्त्र बांधतात, ती केशो-मावाशी. जुनी मावाशी शोधायला क्योतोच्या तोजी मंदिराच्या बाजारात जाणार असाल तर माझा संताप ताजा आहे तोवर वाचून घ्या.

बाजार दर महिन्याच्या २१ तारखेला भरतो, क्योतो स्टेशनपासून चालत १५ मिनिटांवर. सकाळी लवकर पोहोचा. उशिरा गर्दीत कापड पूर्ण उलगडता येत नाही, आणि न उलगडता घ्यायचं नाही.

एका विक्रेत्याने वाघ भरलेली मावाशी काढली. भाव ३ लाख येन, कारण झालर जांभळी. जांभळी झालर फक्त योकोझुना आणि ओझेकी या वरच्या दोन दर्जांची, म्हणून ही 'ओझेकीची'. टॉर्च लावून मी झालर उलटली. कापड विटलेलं, जर काळवंडलेली, पण झालरीचा दोरा कोरा करकरीत. शेजारी जुन्या टाक्यांची भोकं वेगळ्याच ओळीत. दर्जा मागाहून शिवलेला! बोट ठेवून दाखवलं तर भाव लगेच निम्म्यावर. अशा माणसाकडून रुमालही घेऊ नका.

शिवाय त्या मावाशीचा मागचा पट्टाही कापलेला. अखंड मावाशी सहा-सात मीटरची असते. पैठणीसारखं सगळं काम पदरावर, बाकीचं घडी घालून कमरेभोवती जातं. फ्रेम करण्यासाठी ते कापतात. कापलेली भिंतीवर शोभेल, संग्रहात नको.

गावोगावच्या देवस्थानांत होणाऱ्या सुमोच्या जुन्या मावाशीही विकायला येतात. त्या बेधडक घ्या. भरतकाम दांडगं असतं, फक्त व्यावसायिक पैलवानाच्या भावाने घेऊ नका. नवी मावाशीच १० लाख येनच्या वर जाते. नामांकित पैलवानाची जुनी कुणी स्वस्तात देत असेल तर तिथून निघा.

त्याआधी तोक्योत र्योगोकु कोकुगिकान या सुमोच्या स्टेडियममधलं सुमो संग्रहालय बघा. प्रवेश फुकट, शनिवार-रविवार बंद, आणि तिथे स्पर्धा चालू असताना फक्त तिकीटवाल्यांना. एकच दालन आहे आणि मांडणी बदलत राहते, तेव्हा मावाशी लावल्या आहेत का ते आधी विचारा.

घेतल्यावर घडी घालू नका. जरीच्या धाग्यावर कागदाला चिकटवलेला सोन्याचा वर्ख असतो, घडीवर तो तडकतो. पुठ्ठ्याची जाड नळी आणि धुतलेलं सुती कापड सोबत न्या, भरतकाम बाहेर ठेवून गुंडाळा, आणि विमानात आपल्याजवळच ठेवा.