नऊ हप्ते, दोन लढती, एक गुडघा : लेस्टरला निघालेल्या बडोद्याच्या पोरांसाठी

दांडिया बाजारातल्या आमच्या तालमीतली तीन पोरं या सप्टेंबरात इंग्लंडला निघालीत. तिघांनीही वेगवेगळं गाठून मला एकच विचारलं, "दादा, तिकडे ग्रॅपलिंगमध्ये आपली कुस्ती चालेल ना?" ग्रॅपलिंग म्हणजे त्यांची धरपकडीची झुंज, गळा आवळून किंवा सांधा पिळून समोरच्याला हार मानायला लावायची. लेस्टरला शिकायला जाण्याआधी मीही एका मित्राला हेच विचारलं होतं. तो सेव उसळीचा घास घेत म्हणाला, "चालेल काय? लोळवशील सगळ्यांना!" त्याच्या त्या घासाचे मी जवळजवळ लाख रुपये भरले, वर उजव्या गुडघ्याचं एक लिगामेंट. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. दंड, बैठका, मल्लखांब चालू आहे असं धरून चाललोय. दमसास कसा वाढवावा हे विचारणाऱ्याने अजून वर्षभर इथेच थांबावं.

पहिली फसगत नावातच झाली. युनिव्हर्सिटीच्या क्लबांच्या यादीत 'जित्सू' दिसलं आणि मी वर्षाची वर्गणी भरून मोकळा. तीन आठवडे आम्ही रबरी सुरी घेऊन अंगावर येणाऱ्याचं मनगट कसं पिळायचं ते शिकत होतो. माणसं भली होती, पण तो जपानी वळणाचा स्वसंरक्षणाचा प्रकार. जमिनीवर झुंजणं त्यात नावालाच. तुम्हाला हवंय ते ब्राझिलियन जिऊ-जित्सू, आणि त्यातही नो-गी, म्हणजे जाड सुती झगा न घालता, घट्ट रॅशगार्ड आणि बिनखिशाची चड्डी घालून. गी घातली की समोरचा कॉलर धरून लोंबकळतो आणि आपण दहा वर्षांत कमावलेली पकड अर्धी फुकट जाते. माझ्याच युनिव्हर्सिटीत ब्राझिलियनवाल्यांचा वेगळा क्लब होता, वर्गणीही किरकोळ. हे मला फेब्रुवारीत कळलं, कुबड्या घेऊन लायब्ररीत बसलो होतो तेव्हा.

तोवर मी बाहेरच्या एका जिमला नाव घालून बसलो होतो. पहिला तास फुकट असतो. त्या तासात मी दोघांना एकेरी पट काढून धडाधड पाडलं. मालक स्वतः हात मिळवायला आला, पाठ थोपटली आणि टॅबलेट पुढे केला. काचेवर माझ्या घामाचे थेंब पडत होते, बोट सरकत होतं, सही दोनदा करावी लागली. पण वाचलं मात्र एकदाही नाही. करार बारा महिन्यांचा, महिना ७५ पौंड, बँकेतून आपोआप कापले जाणारे. नाव घालायचे ३० वेगळे. वर्गात जिमच्याच छापाचा रॅशगार्ड घालायचा, तो ४५ ला. तसाच बिनछापाचा बाजारात निम्म्यात मिळतो.

गुडघा गेल्यावर डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेलो (अशा चिठ्ठीचे पैसे डॉक्टर वेगळे लावू शकतात, हेही तेव्हाच कळलं). काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, रद्द होत नाही, 'फ्रीज' होतं. म्हणजे तीन महिने पैसे कापत नाहीत आणि तेच तीन महिने कराराच्या शेपटीला जोडतात. माझा करार सप्टेंबरऐवजी डिसेंबरला संपणार झाला, आणि मी तर सप्टेंबरात बडोद्याला परतणार होतो. जून ते सप्टेंबर मी मॅटवर पाऊल न ठेवता हप्ते भरले. शेवटच्या तीन महिन्यांवरून ईमेलांची मेलामेली झाली आणि १०० पौंडांवर मिटलं. हिशेब करा: नऊ हप्त्यांचे ६७५, मिटवायचे १००, नावाचे ३०, रॅशगार्डचे ४५. एकूण ८५०. खेळलो ऑक्टोबर ते फेब्रुवारी. म्हणजे महिना १७० पौंड पडला, ७५ नाही. कुठलीही जिम असो, महिन्या-महिन्याने भरायची सोय नसेल तर उठून बाहेर या, भले तीच शहरातली सगळ्यात चांगली असेल. रविवारच्या ओपन मॅटला (शिकवणी नाही, नुसतं खेळणं) पाच-दहा पौंड देऊन वर्षभर खेळणारे लोक मी पाहिलेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगले खेळतात.

आता खेळाचं.

आपल्या अंगात एकच गोष्ट मुरलेली असते: पाठ टेकू द्यायची नाही. पडायची वेळ आली की अंग हवेतच वळतं आणि आपण पालथे पडतो. दहा वर्षं मातीत हेच केलं. लेस्टरमध्ये पहिल्या महिन्यात या एका सवयीपायी माझा गळा किती वेळा आवळला गेला ते मोजायचं सोडून दिलं. पालथं पडलात की समोरचा स्वारी भरतो, दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकवतो आणि हात हनुवटीखालून सारतो. इथवर चार गुण त्याचे झालेले असतात. तुम्ही पट काढून पाडलंत त्याचे तुम्हाला दोनच. त्यानंतर गुणांना काही अर्थ राहत नाही, कारण डोळ्यांपुढे काजवे चमकत असतात. आणि टॅप! समोरच्याच्या अंगावर थाप मारून 'सोड' म्हणणं मला पहिल्या आठवड्यात जमेचना. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर वस्तादांनी तालमीची पायरी चढू दिली नसती.

कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये गामाचा दगड आहे, १९०२ साली त्याने उचललेला, बाराशे किलोचा म्हणतात. लहानपणी मामा मला तिथे नेऊन गामा आणि पोलंडचा पैलवान झबिस्को यांची गोष्ट सांगायचे. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये ही कुस्ती अडीच तासांवर चालली आणि झबिस्को बहुतेक वेळ मॅटला चिकटून पालथा पडून राहिला. गामाला त्याला चीत करता आलं नाही. आठवड्याने पुन्हा लढत ठरली तर गडी आलाच नाही. १९२८ ला पतियाळात मात्र गामाने त्याला मिनिटाच्या आत संपवलं. मामांच्या तोंडी झबिस्को म्हणजे भित्रा. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी नाक मॅटमध्ये रुतलेलं असताना माझ्या डोक्यात आलं, मीही तेच करतोय, फक्त इथे मला अडीच तास कुणी देणार नाही. सबमिशनच्या, म्हणजे टॅप करायला लावून जिंकायच्या, नियमात झबिस्कोचा गळा अडीच मिनिटांतच आवळला गेला असता.

तेव्हा जाण्याआधी इथेच उताणं पडून खेळायची सवय लावा. लाज वाटेल, वाटू दे. पाठ टेकलेली, दोन्ही पाय समोरच्याच्या कमरेभोवती, कोपरं बरगड्यांना घट्ट. याला ते गार्ड म्हणतात आणि त्यांच्या लेखी ही हार नसते.

स्पर्धा बर्मिंगहॅमला, फेब्रुवारीतल्या एका रविवारी. लेस्टरहून एरवी पन्नासेक मिनिटांची गाडी. पण रविवारी तिकडे रुळांची कामं काढतात आणि गाडीऐवजी बस देतात. तिकिटाचे पैसे तेच. बस प्रत्येक गावात शिरत, मुक्कामाला आल्यासारखी थांबत गेली. माझा वजनगट नो-गीचा ७३.५ किलोचा, आणि वजन पहिल्या लढतीच्या अगदी आधी, मॅटच्या बाजूलाच. आयबीजेजेएफ या ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या मोठ्या संघटनेच्या स्पर्धांतही असंच असतं: काट्यावर एकदाच चढायचं, जास्त भरलं की बाहेर. आदल्या रात्री घाम काढून वजन पाडा आणि सकाळी खाऊन ताजे व्हा, ही आपली युक्ती इथे मेली. त्यात आईने कुणाच्या तरी हाती पाठवलेला चिवडा मी आठवडाभर मूठ-मूठ संपवत होतो. सकाळी घरी ७४.२. हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये दोन जॅकेटं चढवून चाळीस मिनिटं धावलो, थुंकत राहिलो. ७३.४. काट्यावरच्या बाईने अंगठा दाखवला तेव्हा माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या. वजन न पाडता ज्या गटात बसता त्याच गटात खेळा. आणि शनिवारीच जा. तिथे कुणाच्या घरी जमिनीवर झोपायला मिळालं तरी चालेल.

पहिली लढत जिंकलो. तीन वेळा पाडलं, सहा गुण, समोरच्याचे दोन. छान वाटलं, बास.

दुसऱ्या लढतीत शिट्टी झाली, हात मिळवले आणि समोरचा चक्क खाली बसला. मी अजून हात लावला नव्हता! बडोद्यात हे कुणी केलं असतं तर प्रेक्षकांनी चपला फेकल्या असत्या. तिथे याला गार्ड पुल करणं म्हणतात. एडीसीसी या ग्रॅपलिंगच्या मोठ्या स्पर्धेच्या नियमांत गुण सुरू झाल्यावर असं बसलं तर एक गुण कापतात, बाकी बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. मी वरून वाकलो आणि त्याने माझा उजवा पाय आपल्या दोन्ही पायांच्या कात्रीत घेतला. माझी टाच त्याच्या कोपराच्या आतल्या खळग्यात जाऊन बसली. दुखत काहीच नव्हतं. चिखलातून पाय काढावा तसा मी जोर लावून उपसला, तोही चुकीच्या दिशेने वळून. ओला चिंधा फाटावा तसा आवाज आला. बाजूला बसलेल्या एका पोराने तोंडावर हात ठेवला, म्हणजे त्यालाही ऐकू गेला असणार.

हा हील हुक. पिळला जातो पाय, तुटतो गुडघा, आणि दुखणं येतं ते तुटल्यानंतर. आपल्या कुस्तीत याच्या जवळपासही जाणारं काही नाही, म्हणून अंगाला धोका कळतच नाही. टाच त्या खळग्यात गेली आणि मांडी वर अडकली की लगेच टॅप करा, दुखायची वाट पाहू नका. आयबीजेजेएफमध्ये हील हुकला फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या प्रौढांना परवानगी आहे, तीही नो-गीत, आणि तीही २०२१ पासून. माझ्या स्पर्धेत मधल्या गटालाही होती. मी त्या गटात कसा गेलो? फॉर्मवर 'कुस्तीचा अनुभव' या रकान्यात छाती फुगवून 'दहा वर्षं' लिहिलं होतं, त्यांनी नवशिक्यांतून उचलून वर टाकलं. खोटं लिहा असं मी म्हणत नाही. पण फॉर्म भरायच्या आधी त्या गटाचे पायाचे नियम वाचा, आणि हील हुक दिसला तर पहिलं वर्ष ती स्पर्धा सोडा. एवढं एक वाक्य कुणी मला सांगितलं असतं तर आज मी उकिडवा बसू शकलो असतो.

विद्यार्थी व्हिसासोबत आरोग्याचे वर्षाला ७७६ पौंड आधीच घेतलेले असतात, त्यामुळे तपासणीचा वेगळा खर्च झाला नाही. फिजिओ मात्र बाहेर लावला तर खिशातून. इथे परतल्यावर ओळखीच्या एकाने तेल लावून गुडघा 'बसवून' दिला, त्याने सूज आणखी दोन आठवडे वाढली. एमआरआय आधी, तेल नंतर.

आणखी एक गोष्ट, गुडघ्यापेक्षा महाग पडू शकली असती अशी. नोव्हेंबरात जिमच्या मालकाने सुचवलं, शनिवारी लहान पोरांना कुस्ती शिकव, फी माफ करतो. मी हो म्हणणारच होतो. माझ्या खोलीतला हैदराबादचा मुलगा ओरडला, "व्हिसा वाच!" विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करायला मनाई आहे, स्वतःचा धंदाही चालत नाही. वीस तास कामाची मुभा असते तिच्यात हे बसत नाही. फी माफी म्हणजे पगार नव्हे असा वाद घालायला मीही तयार होतो, पण तो वाद व्हिसा अधिकाऱ्यासमोर घालायची हिंमत आहे का? बक्षिसाचे पैसे असलेल्या स्पर्धेलाही आधी युनिव्हर्सिटीच्या सल्लागाराला विचारूनच नाव द्या.

किरकोळ: नखं कापून जा, नाहीतर परत पाठवतात. मॅटवरून उतरलात की चपला घाला. मी पहिल्या दिवशी अनवाणी संडासला जाऊन तसाच मॅटवर आलो, वीस माणसं गप्प झाली. आपल्याकडे मातीत हळद, ताक, तेल पडतं. तिकडच्या प्लास्टिकवर नायटा पसरतो, म्हणून खेळ संपताच आंघोळ. मॅटवर चढताना हात लावून कपाळाला लावलात तर कुणी हसत नाही, उलट दोघांनी मला विचारून घेतलं. लेस्टर गाव म्हणून बरं आहे, बेलग्रेव्ह रोडवर गुजरातीत भाव करून मेथी मिळते.

गेल्या रविवारी त्या तिघांतल्या एकाला तालमीत गार्ड दाखवत होतो. तो उताणा, मी वरून, गुडघ्याला पट्टा. वस्ताद दारात आले, धोतराचा सोगा हातात. बराच वेळ बघत उभे राहिले. मग पोराला म्हणाले, "ऊठ, पाठीची माती झटक." आणि मला, "गळा धरतात ते दाखव आधी. सुटायचं कसं ते मी बघतो." मी दाखवलं. चौथ्या खेपेला त्यांनी माझ्या मनगटाचं हाड अंगठ्याने असं काही दाबलं की पकड आपोआप ढिली झाली. हे लेस्टरमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. तिघांनी निघण्याआधी ते त्यांच्याकडून शिकून घ्यावं. सकाळी सहाला या, साडेसहाला नाही. जिमचा करार आधी कुणाला वाचून हवा असेल तर मला पाठवा, फक्त सही करायच्या आधी.