अंजिरी पैठणीची डीव्हीडी

वाईत माझा फोटो स्टुडिओ होता तेव्हाची, २००८ सालची गोष्ट. दिवाळी उरकली होती, तुळशीचं लग्न व्हायचं होतं, म्हणजे आमच्या धंद्यात माश्या मारायचे दिवस. एक मुलगा पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन दुकानात आला. डब्यात एकशे ऐंशी फोटो. आजीचं सहस्रचंद्रदर्शन रविवारी होतं आणि त्या दिवशी कार्यालयात टीव्हीवर हे फोटो गाण्यांसकट दाखवायचे होते. "काका, डीव्हीडी मारून द्या, मात्र झकास झाली पाहिजे."

सर्वात जुना फोटो १९४४ चा, आजींच्या लग्नाचा. अल्बममधून उचकटताना मागं चिकटलेले काळे कोपरे तसेच राहिलेले. स्कॅनिंगमध्येच दोन दिवस गेले, पण ते काम हाताचं, डोक्याला ताप नसलेलं. ताप पुढं होता. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग मी रोज करायचो, पण नुसत्या फोटोंची डीव्हीडी कधी केली नव्हती. ती कशात करायची?

सगळ्यात सोपा उपाय नातवानंच सुचवला. "आमच्या प्लेअरवर जेपीईजी लिहिलंय, नुसते फोटो टाकून द्या ना." म्हटलं, बघू. दुकानातल्या प्लेअरवर लावली. एकेक फोटो उघडायला तीन-चार सेकंद, मधे काळा पडदा, गाणं नाही. आणि प्लेअर फाइलच्या नावाप्रमाणे जाणार, म्हणजे एकनंतर दहा, मग शंभर. लग्नाच्या फोटोनंतर थेट नातवाची मुंज! काही फोटो तर उघडलेच नाहीत. ते प्रोग्रेसिव्ह जेपीईजी म्हणून सेव्ह झाले होते आणि तसले फोटो बरेच प्लेअर उघडत नाहीत. हा नाद तिथंच सोडला.

मग तीन सॉफ्टवेअरं समोर मांडली आणि तेच वीस फोटो तिन्हींत टाकून बघितले. मायक्रोसॉफ्टचं फोटो स्टोरी ३ फुकट होतं, आणि खरं सांगायचं तर वापरायला सगळ्यात गोड. फोटो टाका, गाणं टाका, वाटलं तर माइकवर स्वतः बोला. पण तयार होणारी फाइल डब्ल्यूएमव्ही. डीव्हीडीला लागतं एमपेग-२, म्हणजे पुन्हा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून दळून काढा. एकदा दाबलेलं चित्र परत दाबायचं, उसाचा चोथा पुन्हा चरकात घालावा तसं. दुसरं नीरो. डीव्हीडी रायटरबरोबर त्याची सीडी यायची, त्यामुळं ते घरचंच होतं. मेनू, राइट करणं, सगळं एका ठिकाणी. तिसरं प्रोशो, ज्याच्या नावानं पुण्यातले फोटोग्राफर शपथा घ्यायचे. ट्रान्झिशन्स तर शेकड्यांनी. फोटो घडी पडून जातो, गोल फिरत येतो, पानांसारखा उलटतो.

अर्थात मी प्रोशोवर भाळलो. त्याचं फुकटचं ट्रायल व्हर्जन उतरवलं, निम्मे फोटो घेऊन नमुना केला आणि प्रत्येक फोटोला नवा चमत्कार लावला. कॉम्प्युटरवर बघून स्वतःवरच खूश झालो. गुरुवारी संध्याकाळी नमुन्याची डिस्क घेऊन त्यांच्या घरी गेलो, कारण कार्यालयात त्यांचाच टीव्ही आणि त्यांचाच प्लेअर जाणार होता. टीव्ही जुना, एकवीस इंची, पाठीला ढेरी असलेला. प्लेअरचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीतच, आणि पिशवी हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली.

डिस्क सुरू झाली. जुने फोटो आले, सगळे खूश. मग मोठ्या मुलाच्या लग्नाचे रंगीत फोटो सुरू झाले, पण तेही काळेपांढरेच. मला वाटलं केबल सैल असेल. पिवळी पिन काढून परत खोचली. तेच. आजी पुढं सरकून बसल्या, चष्मा वर केला.

"ही माझी अंजिरी पैठणी आहे रे. राखाडी कशी झाली?"

कानशिलं गरम झाली माझी. चूक मामुली होती आणि शंभर टक्के माझी. राइट करण्याआधी टीव्हीची पद्धत विचारणारी एक चौकट यायची. तिथं एनटीएससी निवडलेलं होतं आणि मी न बघता पुढं गेलो होतो. अमेरिकेची पद्धत एनटीएससी : ७२० बाय ४८० ठिपके, सेकंदाला जवळपास तीस चित्रं. आपल्याकडं पाल : ७२० बाय ५७६, सेकंदाला पंचवीस. कॉम्प्युटरला दोन्ही सारखीच. पण फक्त पाल जाणणाऱ्या जुन्या टीव्हीला एनटीएससी दिलं की उजेड-अंधार कळतो, रंग कळत नाही. नातवानं पिशवीवरूनच रिमोटची बटणं दाबायला सुरुवात केली आणि पी/एन, म्हणजे पाल/एनटीएससी, लिहिलेलं बटण लागलं. चित्र दोनदा गडगडलं आणि पैठणी अंजिरी झाली! सगळे हसले, मी नाही. प्लेअर आता धावता धावता बदल करत होता आणि सरकणारे फोटो गचके खात होते.

रंग आल्यावर बाकीचं दिसायला लागलं. तसले टीव्ही चित्राची कड चौकटीमागं गिळतात. त्यामुळं एका ग्रुप फोटोत मागं उभे असलेले तिघं भुवयांपासून खालीच उरले होते. मी मोठ्या हौसेनं लावलेल्या झूममध्ये पैठणीच्या काठावर मुंग्या चालल्यासारखं वळवळत होतं. टीव्ही एक आड एक रेषा काढतो, बारीक जरीची रेघ एका फेरीत दिसते आणि दुसऱ्या फेरीत नाही, त्यातून ते होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर याचा मागमूस नव्हता.

खरी गोची मात्र आजींनी केली. माहेरचा वाड्यातला फोटो आला, तेवीस माणसांचा. "थांब, ही माझी आत्या, आणि तिच्या मागं..." तोवर पाच सेकंद संपून फोटो घडी पडून गेला. "अरे, थांबव की त्याला!" नातवानं मागं नेऊन पॉज केला, तर सरकत्या फोटोचं चित्र जागच्या जागी थरथरायला लागलं. आत्याबाईंना हुडहुडी भरली. आजींनी तशाही अवस्थेत तेवीसपैकी एकोणीस नावं सांगितली. चार मिनिटं लागली असतील. मी एका कागदावर टिपत गेलो, कारण घरातल्या कुणालाच ती सगळी माहीत नव्हती.

घरी जाताना डोक्यात एकच हिशेब होता : एका फोटोला तीन सेकंद आणि दुसऱ्याला चाळीस. शेवटी घेतलं प्रोशोच, पण ज्यासाठी भाळलो होतो त्यासाठी नाही. त्यात खालच्या पट्टीवर प्रत्येक फोटोखाली त्याचे सेकंद लिहिलेले असायचे. आकड्यावर क्लिक करायचं, बदलायचं. मला त्या रात्री एवढंच हवं होतं. गावात सगळे क्रॅकच, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची सॉफ्टवेअरंच वापरायचे, मीही वापरलेली आहेत. पण ट्रायलचा शिक्का आजींच्या कपाळावर उमटवायचा नव्हता आणि ऐन वेळी क्रॅक रुसलं तर रविवार बोंबलणार होता. पुण्यातल्या भाच्याच्या क्रेडिट कार्डावर विकत घेतलं.

मग सगळे चमत्कार काढून टाकले. फोटो स्थिर, एकातून दुसरा हळूच उमलणारा. कडेनं दहावा हिस्सा मोकळा, म्हणजे मागच्या रांगेला डोकी परत मिळाली. जरीच्या काठांसाठी फोटो किंचित मऊ केले. वाड्याच्या फोटोला चाळीस सेकंद. एक लांब शो करण्याऐवजी सहा छोटे केले आणि मेनूत सहा चौकटी ठेवल्या : माहेर, लग्न, मुलं, सुना-जावई, नातवंडं, काशीयात्रा. पद्धत पाल. ती चौकट मी तीनदा वाचली.

शनिवारी दुपारी रेंडरिंगला, म्हणजे फोटोंचा व्हिडिओ बनवायला लावलं आणि ऐंशी टक्क्यांवर वीज गेली. भारनियमनाची वेळ पेपरात संध्याकाळची होती. यूपीएसनं दहा मिनिटं दम धरला आणि प्राण सोडला. रात्री पुन्हा पहिल्यापासून. सोळा एक्सची डिस्क असली तरी चार एक्सनंच राइट केली, जुन्या प्लेअरला सावकाश लिहिलेलं बरं मानवतं असं आम्ही मानायचो. पहाटे तीनला दुकानातल्या प्लेअरवर अख्खी बघितली.

रविवारी औक्षण झालं, ऐंशीच्या वर निरांजनं लागली आणि टीव्ही सुरू केला. पैठणी अंजिरीच होती. वाड्याच्या फोटोला आजींनी रिमोट स्वतःच्या हातात घेतला. मी चाळीस सेकंद दिले होते, त्यांनी पॉज दाबून वीस मिनिटं घेतली. चित्र दगडासारखं स्थिर. गुरुजी दोनदा येऊन बघून गेले, पंगतीची पानं मांडून झाली होती, आणि उरलेल्या चार नावांपैकी तीन आजींना आठवली.

जेवण झाल्यावर नातू हिशेबाला आला. अकरा प्रती पाहिजे होत्या, पैकी एक न्यू जर्सीच्या आत्याला. म्हणजे ती एक एनटीएससीत करायची. गुरुवारी चुकून केलं ते आता मुद्दाम. ती डिस्क राइट झाल्याबरोबर मार्करनं मोठ्या अक्षरांत 'अमेरिका' लिहिलं आणि बाकीच्या दहांपासून दूर, वेगळ्या कप्प्यात ठेवली.