काय करायचं नाही, हे सांगणारे सर

जूनच्या पहिल्या पालकसभेत आमचे मुख्याध्यापक सर दोन याद्या वाचत. वर्षभरात शाळा काय करणार, ही यादी इतर शाळांसारखीच असे. दुसरी मात्र मी आजवर अन्यत्र ऐकलेली नाही: यंदा शाळा काय करणार नाही. पाहुण्यांच्या स्वागतासाठी वर्ग सोडून मुलं उन्हात उभी राहणार नाहीत. वाचनाच्या तासाला दुसरा विषय घेतला जाणार नाही. हुशार मुलांची वेगळी तुकडी होणार नाही.

या शेवटच्या वाक्यावर दरवर्षी गदारोळ होई. सर शांतपणे विचारत, "गणिताचे शिक्षक दोनच. ते निवडक मुलांना दिले, तर बाकीच्यांना कोण शिकवणार?" काही पालकांनी दाखले काढून नेले, तरी सर बधले नाहीत. मी त्या बाकीच्यांतली. म्हणून हे लिहिताना ऊर भरून येतो.

एका वर्षी त्यांनी सहल नेली ती अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाला. तिथे वर्षाचा पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली. शेतीसाठी बोअर मारायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, हेही ठरवलं. परतल्यावर सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी, ४०० मिलिमीटरचे ४० लाख लिटर. आणि ऊस मागतो दीड ते अडीच हजार मिलिमीटर. वरचं पाणी कुणाच्या विहिरीतलं?

निधी आला की बंधारे कुठल्याही गावाला बांधता येतात. पण साठलेल्या पाण्यावर ऊस लावू नका, हे आपल्याच मतदारांना, आपल्याच भावकीला सांगायचं आणि वर्षानुवर्षं पाळून घ्यायचं, हे फार अवघड. त्या गावाचं मोठेपण मला तिथे दिसतं.

आज मी माझ्या गावची सरपंच आहे. केंद्राच्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीतला ठरावीक भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील असतो. उरलेल्या निधीतून वेशीवर कमान उभारा, असा आग्रह ग्रामसभेत होतो. मीही दोन याद्या वाचते, प्रत्येक नकाराचं कारण सांगून. पहिल्याच वर्षी नकाराच्या यादीत सगळ्यात वर माझ्या चुलत्यांच्या मळ्याचा रस्ता होता. चुलते रागावले, पण "माझं तेवढं बघा" म्हणत घरी येणारे त्यानंतर कमी झाले.

यंदा कमानीसाठी लोक वर्गणी काढायला तयार आहेत. तरीही नको, असंच माझं मत आहे. पैसा लोकांचा असला, तरी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा आणि आम्हा सदस्यांचा अख्खा उन्हाळा तिच्यात जाईल, आणि पाझर तलावातला गाळ पावसाआधीच काढावा लागतो. येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे.