घरी बांधलेल्या पाणबुडीतले तेल आणि श्वास

छोट्या पाणबुडीच्या बाहेर बसवलेल्या मोटारीला पाण्याच्या दाबापासून वाचवण्याचा सोपा उपाय म्हणजे तिचे कवच तेलाने भरून ते रबरी पिशवीला जोडणे. पिशवीवर समुद्राचा जो दाब पडतो तोच आतल्या तेलावरही येतो, त्यामुळे कवच जाड करावे लागत नाही. मी पहिली मोटार भरली तेव्हा अर्ध्या तासानंतरही हलकेच ठोकले की वेटोळ्यांमधून बुडबुडे वर येत होते. ही हवा आत राहिली तर खोलवर ती आकसते, तिची जागा भरताना पिशवी रिकामी होते आणि पाणी आत शिरू शकते.

तेल पातळ खनिज तेलच घ्यावे, कारण दाट तेल घुसळण्यातच मोटारीची बरीच शक्ती वाया जाते. कार्बन ब्रशच्या (फिरत्या भागाला घासत वीज पोचवणाऱ्या तुकड्यांच्या) मोटारीत सिलिकॉन तेल मी घालणार नाही; ठिणग्यांनी त्याची वाळूसारखी कठीण सिलिका बनते आणि ब्रश झिजतात. सीलसाठी नायट्राइल रबर चालते, ईपीडीएम हे दुसरे रबर मात्र खनिज तेलात फुगते.

हेच तेल प्राणवायूच्या व्हॉल्व्हला लागता कामा नये. सिलिंडर झटक्यात उघडला की वायू दाबला जाऊन तापतो, आणि बोटाच्या ठशाएवढे तेलही पेट घेऊ शकते. त्या जोडण्या आवळायचे पाने मी वेगळ्या पेटीत ठेवतो आणि वंगण लागलेच तर प्राणवायूसाठी बनवलेले फ्लोरिनयुक्त ग्रीसच वापरतो.

खरी चिंता कार्बन डायऑक्साइडची आहे. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे 25 लिटर प्राणवायू घेतो आणि सुमारे 20 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. 2000 लिटर हवेच्या केबिनमध्ये तीन तासांत त्याचे प्रमाण 3 टक्क्यांवर जाते, धाप लागते, डोके दुखते, आणि प्राणवायू तेव्हा 17 टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. 1973 साली फ्लोरिडातील की वेस्टजवळ जॉन्सन सी लिंक ही पाणबुडी एका बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली, तेव्हा मागच्या अॅल्युमिनियमच्या कप्प्यातली दोन माणसे याच वायूने दगावली, कारण तिथे थंडीमुळे तो शोषणारे रसायन नीट काम करत नव्हते. पुढच्या अॅक्रिलिकच्या गोलातले दोघे वाचले. म्हणून माझा सोडा लाइमचा, म्हणजे हा वायू शोषणाऱ्या रसायनाचा, डबा थंडीतही काम करतो का हे पाहायला मी तो रात्रभर बर्फाच्या पाण्यात ठेवतो आणि मगच पंखा लावून कार्बन डायऑक्साइडचा मीटर पाहतो.