आईची ढास

पाठ टेकली की आईला ढास लागायची. ताप नाही, कफ नाही, नुसता कोरडा खोकला. घशात कुसळ अडकल्यासारखं वाटतं म्हणायची. उबळ आली की उठून बसायची आणि नातवंडं जागी होऊ नयेत म्हणून पदराचा बोळा तोंडावर दाबून धरायची. मी पाठीवरून हात फिरवायचे, तेव्हा हाताखाली तिच्या बरगड्या थरथरायच्या.

दीड महिना असा गेला. हळद-दूध झालं, अडुळसा झाला, खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की टीबीची शंका धरून तपासायचं असतं, म्हणून छातीचा एक्स-रे काढला. स्वच्छ आला. आडवं झाल्यावर वाढतो म्हणजे पित्त असेल, असं म्हणून पित्ताच्याही गोळ्या झाल्या.

शेवटी ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो, त्यांनी घसा बघायच्या आधी विचारलं, "आजी, रोजच्या गोळ्या कुठल्या?" मी डबी उघडली. रामिप्रिल, बीपीची. कधीपासून? गणपतीच्या आधीपासून. आणि खोकला? आई म्हणाली, "गौरी गेल्या आणि सुरू झाला बघा."

रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्या बीपीला आणि हृदयाला चांगल्याच. पण ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य मोडण्याचं शरीराचं काम त्या अडवतात. ते साठलं की श्वासनलिकेच्या नसा चाळवतात आणि काही जणांना कोरडा खोकला लागतो, बायकांना जास्त. कधी तो गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी उगवतो, म्हणून कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मग आईने तोंडातली काडी बाजूला सारली आणि डॉक्टरबाई थबकल्या. ज्येष्ठमध. घसा ओला राहावा म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून मीच आणून दिलं होतं, दिवसभर ती चघळायची. त्यातलं ग्लिसिरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं, बीपी चढवतं. बीपीच्या माणसाला मीच ते देत होते, हे मला फार लागलं. घरचं औषधही औषधच. तेही डॉक्टरांना सांगायला हवं.

गोळी आम्ही आपल्या मनाने बंद केली नाही; त्यांनीच बदलून टेल्मिसार्टन ही बीपीचीच, पण दुसऱ्या गटातली गोळी दिली. उतार पडायला एक ते चार आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात म्हणाल्या. रामिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांवर असताना ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर मात्र एक क्षण न थांबता दवाखाना गाठायचा, हेही बजावलं.

पहिले दहा दिवस काहीच फरक नव्हता. आई धीर सोडायला लागली होती. तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी सहाला तिला हलवून उठवावं लागलं, इतकी गाढ झोपली होती.

आता दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरवर नवी गोळी सुरू केल्याची तारीख आई स्वतः लिहिते.