निम्म्या किमतीतलं घर

इथे फ्लोरिडातल्या टॅम्पात महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला पानावर बसलं की शेजारचं कोणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही काउंटीच्या ऑनलाइन लिलावात घरं घेता ना? खरंच निम्म्या किमतीत मिळतात?" पुण्याच्या मावशीचा प्रश्न वेगळा असतो: "लोकांची जप्त झालेली घरं घ्यायची, पाप नाही का गं लागत?" तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकदाच लिहिते.

मिळतात. पण निम्मी किंमत दिसली की मी आधी दावा कोणी लावलाय ते बघते.

फ्लोरिडात घराची जप्ती कोर्टातूनच होते. कर्ज थकतं, दावा लागतो, निकाल होतो आणि मग काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कोर्टाचा क्लर्क घर लिलावात काढतो. पूर्वी हा लिलाव कोर्टाच्या इमारतीत पुकारून व्हायचा, आता बहुतेक काउंट्यांत संगणकावर होतो. यादीत प्रत्येक घराखाली केस नंबर, निकालाची रक्कम, करासाठी ठरवलेली किंमत आणि वादीची कमाल बोली एवढंच असतं, आणि ती कमाल बोलीसुद्धा बहुधा झाकलेली. नवखा माणूस मधले दोन आकडे बघतो आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

समजा, निकाल ९ हजार डॉलरचा आणि घर ३ लाखांचं. केस उघडली की दिसतं, वादी बँक नाहीच, होमओनर्स असोसिएशन आहे. म्हणजे वस्तीच्या सोसायटीने थकलेल्या मेंटेनन्ससाठी घर विक्रीला काढलंय. बँकेचं पहिलं गहाण त्या निकालाने पुसलं जात नाही. घर तुम्ही ७० हजारांत घेतलंत तरी बँकेचे अडीच लाख घराच्या डोक्यावर तसेच. ते कर्ज तुम्ही काढलेलं नाही, म्हणून बँक तुमचा पगार मागायला येणार नाही. ती घर पुन्हा लिलावात काढेल आणि तुम्ही बाहेर. अशा घरांवर बोली चढत जाताना मी बघते, तेव्हा निम्मे लोक न वाचता आलेले असतात. उरलेले पक्के असतात. बँकेचा दावा निकाली निघेपर्यंत भाडं खायचं, हा त्यांचा हिशोब. तो धंदा माझ्याच्याने होत नाही.

वादी बँक असली तरी सगळं मोकळं झालं असं नाही. थकलेला घरपट्टीचा कर राहतो. गवत वाढलं, पोहण्याचा तलाव हिरवा पडला म्हणून नगरपालिकेने रोजचा दंड लावलेला असू शकतो, तोही कधीकधी राहतो. आयकर खात्याचा बोजा असेल तर त्या खात्याला विक्रीनंतर १२० दिवस घर सोडवून घ्यायचा हक्क असतो. तेवढे दिवस तुम्ही स्वयंपाकघर नवं करायला काढू नका. आणि सोसायटीची थकबाकी! ही मला सर्वांत अन्यायाची वाटते. पहिलं गहाण असलेल्या बँकेने स्वतःच घर घेतलं तर तिला जास्तीत जास्त १२ महिन्यांचा मेंटेनन्स किंवा मूळ कर्जाचा १ टक्का, यातलं जे कमी असेल तेवढंच भरावं लागतं. तुमच्या-माझ्यासारख्या तिऱ्हाइताने घेतलं की आधीच्या मालकाची सगळी बाकी आपल्या गळ्यात. आपल्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा एका कागदावर दिसतो, इथे तो क्लर्कच्या नोंदींत, नगरपालिकेत आणि सोसायटीच्या ऑफिसात वेगवेगळा शोधावा लागतो. मी शोधते, आणि तरीही बोलीआधी टायटल कंपनीचा, म्हणजे मालकी आणि बोजे तपासणाऱ्या कंपनीचा, शोध अहवाल विकत घेते.

घर आतून बघता येत नाही. बाहेरून जेवढं दिसेल तेवढं बघायचं. मी पहिल्यांदा एसीचा बाहेरचा डबा शोधते. बऱ्याच रिकाम्या घरांमागे नुसता सिमेंटचा ओटा आणि कापलेली तांब्याची नळी उरलेली असते. डबा कोणीतरी उचलून नेलेला. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात एसीविना बंद राहिलेल्या घरात भिंतींना किती बुरशी धरली असेल, ते बाहेरूनच कळतं. मग छप्पर. ते कधी बदललं याची तारीख काउंटीच्या परवान्यांत सापडते, आणि इथले विमावाले १५ वर्षांपुढच्या छपराला नाकं मुरडतात.

पैशांचं थोडक्यात सांगते. बोलीच्या ५ टक्के अनामत आधी खात्यात हवी, म्हणजे २ लाखांच्या बोलीला १० हजार. जिंकलात तर बाकीची रक्कम बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच कामाच्या दिवशी. एवढ्यात कुठलीही बँक गृहकर्ज देत नाही. वर दर १०० डॉलरला ७० सेंट मुद्रांक. नाही भरलंत तर अनामत बुडाली. समोर बँक बोली लावत असते, आणि तिला निकालाच्या रकमेपर्यंत रोख काढावी लागत नाही, हेही लक्षात असू द्या. सगळं वाचून, फिरून, पैसे तयार ठेवून बसावं, तर सकाळी यादीत त्या केससमोर 'रद्द' आलेलं असतं, कारण मालकाने दिवाळखोरीचा अर्ज टाकलेला असतो. हे नेहमीचंच.

आता मावशीचा प्रश्न. विक्री झाल्यावरही १० दिवस हरकत घेता येते, त्यानंतरच घर नावावर होतं. देणी फिटून पैसे उरले तर ते मालकाचे. क्लर्ककडे अर्ज करून त्याला ते मागता येतात. म्हणून बोली चढली की मला तेवढं वाईट वाटत नाही. करासाठी विकलेल्या घरांत काही राज्यं हे उरलेले पैसेही ठेवून घेत. मिनेसोटातल्या जेराल्डिन टायलर या नव्वदी ओलांडलेल्या बाईंकडे १५ हजार येणं होतं, काउंटीने त्यांचा फ्लॅट ४० हजारांना विकला आणि सगळे ठेवले. २०२३ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने ते चूक ठरवलं.

राहता राहिलं घरात माणूस असणं. भाडेकरू खरा असेल तर केंद्राच्या कायद्याने त्याला किमान ९० दिवसांची नोटीस द्यावीच लागते. जुना मालकच राहत असेल तर कोर्टाचा हुकूम आणि घर रिकामं करून द्यायला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस अधिकारी. अंगणात मुलांच्या सायकली दिसल्या की मी ती केस बंद करते. यात नफा सोडते हे मला माहीत आहे. कोणीतरी दुसरा घेतोच, हेही माहीत आहे. तरी मी नाही घेत.

हे सगळं फ्लोरिडाचं. टेक्सासात कर्जाची जप्ती बहुधा कोर्टाविना होते आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. डॅलसच्या मित्राला यातलं काही सांगू नका, गोंधळ होईल.

तुमच्या भाच्याला यात उतरायचंच असेल तर माझा नंबर खुशाल द्या. फक्त केस नंबर घेऊन फोन करायला सांगा. तो घरांचे फोटो पाठवतो, त्यावरून मला काहीच सांगता येत नाही.