एका तिरप्या रेघेपायी पाच आठवडे

2006 साली कापसाचा चुकारा हाती आला तेव्हा बाबांनी फी भरली आणि मी दारव्ह्याच्या एका क्लासात 'सी' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागलो. व्हेरिएबल, लूप, अ‍ॅरे भराभर झालं. अडलो ते गोल काढताना. साधा गोल, स्क्रीनच्या मधोमध.

टर्बो सी, म्हणजे सीचे प्रोग्राम लिहून चालवायचं सॉफ्टवेअर. त्याची ती निळी स्क्रीन. नोट्समधला प्रोग्राम जसाच्या तसा टाइप करायचा, चालवायला कंट्रोल-एफ नाइन दाबायचं, आणि उत्तर ठरलेलं: ग्राफिक्स सुरू नाही, इनिटग्राफ (ग्राफिक्स सुरू करायची आज्ञा) वापरा. अरे, वापरलंच आहे ना बाप्पा! सरांना विचारलं तर म्हणे, "काऊन बे, नोट्समंदी हाये तसं टाक ना."

एका मशीनवर तिघं, वेळ पाऊण तास, वरून लोडशेडिंग. यूपीएस फक्त सरांच्या मशीनला. लाइन गेली की टाइप केलेलं सगळं गेलं. (दर चार ओळींनी सेव्ह करायला एफ टू दाबत जा. हे मला तिसऱ्यांदा रडकुंडीला आल्यावर सुचलं.) मग एसटी येईपर्यंत स्टँडवर वही उघडून बसायचं. असे पाच आठवडे.

सापडलं ते त्या वहीतच. पाढ्यांच्या प्रोग्रामात आकड्यांमध्ये जागा सोडायला उलटी तिरपी रेघ आणि पुढे टी लिहिला होता. खाली ग्राफिक्स ड्रायव्हरचा, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायला लागणाऱ्या फाइलच्या फोल्डरचा पत्ता: सी, कोलन, उलटी रेघ, टीसी, उलटी रेघ, बीजीआय. म्हणजे इथंही रेघ आणि टी! कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारा, त्याला टॅब समजत होता, आणि पुढची रेघ नि बी म्हणजे त्याच्या लेखी बॅकस्पेस. फोल्डरचं नावच शिल्लक राहत नव्हतं, तर ड्रायव्हर सापडणार कुठून? रेघ दोनदा द्यायची, बस. नोट्समध्ये एकच होती.

हो, टर्बो सीच्या ऑप्शन्स मेनूमध्ये लिंकर, त्यात लायब्ररीज, तिथं ग्राफिक्सवर खूण आहे ना ते आधी बघा, नाहीतर गाडी इथवरही येत नाही. आणि शेवटी गेटच (कळ दाबेपर्यंत थांबायची आज्ञा) टाका, नाहीतर गोल दिसायच्या आत पुसला जातो.

दुसऱ्या दिवशी 640 बाय 480 च्या काळ्या स्क्रीनवर पांढरा गोल उमटला. शेजारचे दोघं आपली पाळी विसरून बघत राहिले. मी सरांना नोट्समधली चूक दाखवली.

"तुया झेरॉक्सवर करून घे," सर म्हणाले.

त्या झेरॉक्सचे 40 रुपये फीच्या वर घेतले होते.